बापाचा जोहार, मुलाचा जाब

आधी चार ओळी वाचू.

जोहार मायबाप जोहार । तुमच्या महाराचा मी महार ॥
बहु भुकेला जाहलों । तुमच्या उष्ट्यासाठीं आलों ॥
बहु केली आस । तुमच्या दासाचा मी दास ॥
चोखा म्हणे पाटी । आणिली तुमच्या उष्ट्यासाठीं ॥

चोखामेळ्याचा हा अभंग भजनात आळवून म्हणतात. टाळ हळू होतो, कोणीतरी वर सूर लावतं, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे ओले होतात. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझेही झाले. बऱ्याच वर्षांनी चोखोबाच्या मुलाचा, कर्ममेळ्याचा अभंग वाचनात आला, आणि आपण तेव्हा नेमकं कशावर रडलो होतो याचा मला विचार करावा लागला.

आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥
जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥
आमुचे घरीं भात दहीं । खावोनी कैसा म्हणसी नाहीं ॥
म्हणे चोखयाचा कर्ममेळा । कासया जन्म दिला मला ॥

एकच घर, एकच देव, एकच लहान अभंगाचा छंद, आणि दोन्हीकडे तेच उष्टं. तरी बाप पाटी (टोपली) पुढे करतो आणि मुलगा जाब विचारतो. या दोन अभंगांच्या मध्ये भाषेत काय घडलं, एवढंच या प्रकरणात पाहायचं आहे. आशय आपल्याला लगेच कळतो, म्हणून आपण तिथेच थांबतो. मला व्याकरण आणि अक्षरं पाहायची आहेत, कारण माझ्या मते खरी झटापट तिथे आहे.

गावकुसाबाहेरची भाषा

चौदाव्या शतकातलं मंगळवेढं. पंढरपूर तिथून पंचवीसेक किलोमीटरवर. चोखोबा तिथे राहत होता. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा, या सगळ्यांच्या नावावर अभंग आहेत. एका घरातली पाच माणसं कवी, आणि त्या घराला गावात राहायला मज्जाव. अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले अशी परंपरा आहे. म्हणजे बोलणारा वेशीबाहेर आणि लेखणी वेशीच्या आत.

महारकी म्हणजे गावाची सगळी पडेल ती कामं: वेशीवर पहारा, दवंडी, सारा पोचवायला सोबत, मेलेली गुरं ओढणं, शिवेच्या भांडणात साक्ष. मोबदला बलुत्यात, आणि रोजचं पोट घरोघरच्या शिळ्या तुकड्यांवर. येसकर (वेस राखणारा महार) संध्याकाळी घरासमोर लांब उभा राहायचा आणि आवाज द्यायचा. त्या आवाजातला पहिला शब्द ‘जोहार’, दुसरा ‘मायबाप’. नमस्कार, रामराम, दंडवत हे शब्द इतरांचे. जोहार याच्या वाट्याचा. तोंड उघडताक्षणी माणसाची जात ऐकू यावी, अशी ती सोय होती.

(झारखंडात आजही आदिवासी एकमेकांना ‘जोहार’ म्हणतात आणि अभिमानाने म्हणतात. शब्द जन्मतः खालचा नसतो, तो कोणाला आणि कोणासमोर म्हणायला लावला यावर सगळं ठरतं.)

चोखोबाने ही रोजची हाळी जशीच्या तशी उचलून अभंगाच्या पहिल्या ओळीत ठेवली. कवितेसाठी वेगळी भाषा शोधली नाही. पाटलाच्या दारात जे म्हणावं लागतं तेच विठोबाच्या दारात म्हटलं. इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मराठीत देवाला आपण ‘तू’ म्हणतो. चोखोबाही म्हणतो: ‘हीन याती माझी देवा । कैसी घडे तुझी सेवा’. पुढच्याच ओळीत ‘तुज भेटूं कवण्या रीती’. मग जोहाराच्या अभंगात ‘तुमच्या’ का? ‘तुम्ही’ हे पाटलाचं सर्वनाम आहे, वाड्याचं आहे.

बोटांवर मोजून पाहा. चार कडव्यांत ‘तुमच्या’ चार वेळा येतं, प्रत्येक कडव्यात एकदा, आणि प्रत्येक वेळी उत्तरार्धात. कडव्याचा पहिला अर्धा भाग मागणाऱ्याचा, दुसरा मालकाचा. आता अक्षरं मोजा. पूर्वार्ध: ‘जोहार मायबाप जोहार’ दहा, ‘बहु भुकेला जाहलों’ आठ, ‘बहु केली आस’ सहा, ‘चोखा म्हणे पाटी’ सहा. उत्तरार्ध मात्र अकरा, नऊ, नऊ, दहा. मागणाऱ्याची जागा आक्रसत जाते, ‘तुमच्या’ची तेवढीच राहते. हे त्याने ठरवून केलं का, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. लहान अभंगात अक्षरांची एवढी ओढाताण चालतेच, आणि अभंग गळ्यातून गळ्यात गेले की त्यांत फरकही पडतो. पण म्हणताना श्वासाला ती ओढाताण कळते. पहिल्या ओळीत छाती भरून हाक निघते, शेवटच्या कडव्यात उरते फक्त पाटी.

यमकं पाहा. जोहार आणि महार. नमस्कार आणि जात एकाच आवाजात संपतात. पाटी आणि साठी. टोपलीचं यमक उष्ट्या‘साठी’शी. जुळवायला जागाच नव्हती. शब्द गावाने आधीच जुळवून ठेवले होते.

हा अभंग शरणागतीचा आहे की उपरोधाचा, यावर वाद होतात. दोन्ही बाजू मला अर्ध्याच पटतात. ‘तुमच्या दासाचा मी दास’ ही वारकऱ्यांची नेहमीची भावना, संतांच्या पायीची धूळ होण्याची. कोणताही संत हे म्हणेल, आणि म्हटलंही आहे. फक्त इतर संतांच्या तोंडी ते रूपक असतं. चोखोबाच्या तोंडी ते रूपक नाही. त्याने खरीच पाटी नेलेली आहे, काल संध्याकाळी, कोणाच्या तरी दारात. रूपकाखालून रूपक काढून घेतलं की ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. त्याच अवघडलेपणाला भजनात आपण ‘करुण रस’ म्हणून पुढे जातो.

विठू ते महाराज, एका अभंगात

सर्वनामाची ही गोष्ट मी ओढूनताणून आणतोय असं वाटत असेल तर चोखोबाचाच दुसरा अभंग पाहा. देवाच्या गळ्यातला हार त्याच्याकडे सापडला आणि बडव्यांनी, म्हणजे विठ्ठल मंदिराच्या पुजाऱ्यांनी, त्याला मारलं, अशी कथा आहे.

धांव घालीं विठू आतां चालूं नको मंद । मज मारिती बडवे कांहीतरी अपराध ॥
विठोबाचा हार तुझे कंठीं कैसा आला । शिव्या देती म्हारा म्हणती देव कां बाटला ॥

सुरुवात ‘विठू’ने. लाडाची, घरची हाक. ‘चालूं नको मंद’ म्हणजे ‘अरे, पाय उचल की’. दुसऱ्या ओळीत बडव्यांचा आवाज थेट अभंगात घुसतो: हार तुझ्या गळ्यात कसा आला, देव बाटला. शिव्या संपतात आणि तिसऱ्या ओळीत चोखोबा म्हणतो, ‘अहो जी महाराज तुमचे द्वारीचा कुतरा’. पुढे ‘नका मोकलूं चक्रपाणी जिमेदारा’.

दोन ओळींपूर्वी जो विठू होता तो आता ‘अहो जी महाराज’, आणि वर ‘जिमेदार’. मधे फक्त शिव्या पडल्या. मार बसल्यावर माणसाची भाषा कशी बदलते हे याहून थोडक्यात मी कुठे वाचलेलं नाही. ‘जिमेदार’ हा दरबारी फारसी शब्द वारकरी अभंगात खटकतो, आणि खटकायलाच हवा. देवाच्या गाभाऱ्यात कचेरी शिरल्याची ती खूण आहे. शेवटची ओळ: ‘बोलिला उत्तरीं परी राग नसावा’. बोललो खरं, पण रागावू नका. तक्रार करून लगेच तिची माफी मागायची. ज्याला रोज हाच क्रम पाळावा लागतो त्याला ही ओळ शिकवावी लागत नाही.

जिथे तूही नाही, तुम्हीही नाही

तरी चोखोबा म्हणजे फक्त विनवणी, असं समजू नये. त्याचा विटाळाचा अभंग घ्या.

वेदासी विटाळ शास्त्रासी विटाळ । पुराणें अमंगळ विटाळाचीं ॥
जीवासी विटाळ शिवासी विटाळ । काया अमंगळ विटाळाची ॥
ब्रह्मिया विटाळ विष्णूसी विटाळ । शंकरा विटाळ अमंगळ ॥
जन्मतां विटाळ मरतां विटाळ । चोखा म्हणे विटाळ आदिअंती ॥

हा मोठा अभंग, साधारण सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा. ‘विटाळ’ बारा वेळा येतो, प्रत्येक कडव्यात बरोबर तीनदा. इथे कोणालाच हाक नाही, विनंती नाही, सर्वनाम नाही. एखाद्या सनदीत मालमत्तेची नोंद करावी तशी यादी चाललेली आहे: वेद, शास्त्र, पुराण, जीव, शिव, ब्रह्मा, विष्णू, शंकर. पाचव्या-सहाव्या वेळी ‘विटाळ’ शब्दातली भीती झिजायला लागते. बाराव्या वेळी तो नुसता आवाज उरतो. मोठ्याने म्हणून बघा, डोळ्यांनी वाचून हे कळणार नाही. ज्या शब्दाने त्याला आयुष्यभर बाहेर ठेवलं, तो त्याने सगळ्यांना सारखा वाटून टाकला.

सोयराबाईने हाच धागा घरातून पकडला आहे: ‘देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोंवळा तो झाला कवण धर्म’. बाईने हे म्हणावं याला आणखी वजन आहे, कारण विटाळ तिच्या वाट्याला दोनदा आलेला, जातीनेही आणि देहधर्मानेही.

आणि मग हाच चोखोबा दुसरीकडे म्हणतो की आपण ‘पूर्वीं नीळाचा अवतार’, मागच्या जन्मी कृष्णनिंदा घडली म्हणून महार जन्म मिळाला. ‘चोखा म्हणे विटाळ । आम्हां पूर्वीचें हें फळ’. इथे मला चोखोबाची वकिली करवत नाही. विटाळ सगळ्यांना वाटून देणारा माणूस स्वतःच्या वाट्याचा विटाळ पूर्वकर्माच्या खाती टाकतो. काही अभ्यासक या ओळी पुढे कोणी घुसडल्या असाव्यात म्हणून सुटका करून घेतात. मला ती सुटका सोयीची वाटते. एकाच माणसाच्या तोंडी दोन्ही असू शकतात. ज्या व्यवस्थेत जगायचं तिचं स्पष्टीकरणही माणूस तिच्याच दुकानातून उधार आणतो.

मुलाने काय बदललं

आता कर्ममेळ्याकडे परत. त्याने छंद बदलला नाही, देव बदलला नाही, नवा शब्दही आणला नाही. ‘याती’, ‘उष्टें’, ‘जन्म’ हे सगळं घरातलंच. बदलली ती तीन-चार लहान गोष्टींची मांडणी.

पहिली गोष्ट, बापाच्या जोहारात ‘मी’ आहे: मी महार, मी दास. मुलगा सुरुवातच ‘आमुची’ने करतो. तिसऱ्या कडव्यात पुन्हा ‘आमुचे घरीं’. भुकेला एकटा माणूस मागतो; ‘आम्ही’ आलं की हिशेब सुरू होतो.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. बाप म्हणतो ‘मी महार’, म्हणजे असणं. मुलगा म्हणतो ‘आमुची केली हीन याती’. केली. कोणीतरी केली. बापाच्या ‘पूर्वीचें हें फळ’ला हे उत्तर आहे, आणि ते एका क्रियापदात दिलेलं आहे. कर्त्याचं नाव नाही, पण पुढच्याच चरणात ज्याला विचारलं आहे तो समोर उभा आहे: श्रीपती. श्रीपती म्हणजे लक्ष्मीचा नवरा. ‘याती’चं यमक नेमकं त्याच्याशी जुळवलेलं आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे पुन्हा सर्वनाम. ‘तुज कां न कळे’ इथे तू. ‘लाज न ये तुमचे चित्ता’ इथे तुम्ही. ‘कैसा म्हणसी नाहीं’ इथे परत तू. बापाचा ‘तुमच्या’ हात जोडलेला होता. मुलाचा ‘तुमचे’ लाजेच्या शेजारी बसवलेला आहे. मराठीत रागाने दिलेला मान शिवीपेक्षा जास्त लागतो, हे कोणत्याही घरातल्या भांडणात ऐकू येतं. ‘वा, तुम्ही मोठे!’ म्हणताना जो तुम्ही असतो, तो हा.

आणि मग ते भात-दही. विठोबा चोखोबाच्या घरी जेवला, ही कथा भक्तीच्या कौतुकाची म्हणून सांगितली जाते. कर्ममेळा तिच्याकडे पुरावा म्हणून पाहतो. आमच्या घरचं खाल्लंस, आणि आता नाही कसं म्हणतोस? दहीं आणि नाहीं: खाल्लेला पदार्थ आणि नाकबुली एका यमकात. बापाच्या अभंगात उष्टं वरून खाली येतं. मुलाच्या अभंगात देव खाली येऊन जेवून गेलेला आहे आणि उलट त्याच्याच अंगावर देणं निघतं.

हीच भाषा दुसऱ्याच्या तोंडी

सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) हा साचा उचलला. त्यांची जोहाराची भारुडं आहेत, ‘जोहार मायबाप जोहार’नेच सुरू होणारी, महाराच्या तोंडची. बोलणारा गावाला जमाखर्च समजावतो, देहाच्या गावचा कारभार कसा बुडीत चालला आहे ते सांगतो. पायरीवर खाली उभा असलेला माणूस वरच्यांना ज्ञान देतो, ही गंमत नाथांना चांगली साधली. त्यांना सत्तेच्या कागदपत्रांचा कान होता. ‘अर्जदस्त’ या भारुडात तर त्यांनी फारसी वळणाचा सरकारी अर्ज लिहिला, पत्ता ‘परगणे शरीराबाद’.

ब्राह्मणाने महाराचा आवाज घेणं हे त्या काळात धाडसच. पण भारूड संपल्यावर नाथांना तो आवाज उतरवून ठेवता येत होता. चोखोबाला तो उतरवता आला नाही. मंगळवेढ्याचं गावकूस बांधण्याच्या वेठीला तो लागला असताना भिंत कोसळली आणि तो खाली गाडला गेला. परंपरेनुसार शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८. नामदेवांनी अस्थी शोधल्या, ज्या हाडांतून विठ्ठल ऐकू आला ती चोखोबाची मानली, आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी बांधली. समोर, म्हणजे बाहेर. ज्या कुसाने त्याला बाहेर ठेवलं ते बांधताना मेला, आणि मेल्यावरही दाराबाहेरच राहिला.

जोहार बंद होतो

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. अग्रभागी अभंग छापला होता, पण चोखोबाचा नाही. तुकोबाचा: ‘काय करूं आतां धरूनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ॥’ मला ही निवड फार बोलकी वाटते. बहिष्कृतांचं पत्र, आणि त्याच्या कपाळावर बहिष्कृत संत नाही. तो टाकला असंही नाही. १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला इंग्रजी ग्रंथ बाबासाहेबांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केला. माणसाचा मान ठेवला, हाळी घेतली नाही. मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली तेव्हा चवदार तळ्याइतकाच जोर मृत मांस आणि शिळे तुकडे सोडण्यावर होता. म्हणजे पाटी खाली ठेवण्यावर. महारकीच्या वतनाची कायदेशीर अखेर व्हायला १९५८चा कायदा यावा लागला. जोहाराच्या जागी ‘जय भीम’ मात्र कायद्याची वाट न पाहता आला, आणि तो कोणालाही, कोणत्याही दारात, मान वर ठेवून म्हणता येतो.

पंढरपूरच्या मंदिराचं दार अस्पृश्यांना मे १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडलं. ज्या बडव्यांचं नाव चोखोबाच्या अभंगात आहे, त्यांच्या वंशपरंपरागत हक्कांचा दावा सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०१४ मध्ये निकालात निघाला. ‘मज मारिती बडवे’ ही ओळ त्यांच्या हक्कांपेक्षा जास्त टिकली.

आंबेडकरी कवींना चोखोबा जवळचा का वाटला नाही, हे या सगळ्यानंतर समजतं. त्यांना जोहाराचा साचाच मोडायचा होता, आणि त्याच्या आत राहून कितीही कौशल्य दाखवलं तरी पाटी हातात राहतेच. माझी तक्रार वेगळी आहे. चोखोबाला नाकारणाऱ्यांनीही आणि डोक्यावर घेणाऱ्यांनीही बहुतेक वेळा बापाचाच अभंग वाचला. कर्ममेळा अगदी हातभर अंतरावर असूनही त्याच्या वाट्याला फारसे टाळ आले नाहीत. आमच्याकडच्या भजनात जोहार दर एकादशीला होतो. ‘आमुची केली हीन याती’ मी तिथे एकदाही ऐकलेला नाही. तो म्हणायला अवघड आहे. कोणत्या कडव्यावर डोळे मिटायचे हेच कळत नाही.

त्याच्या शेवटच्या ओळीकडे मी अजून वळून वळून जातो. ‘म्हणे चोखयाचा कर्ममेळा । कासया जन्म दिला मला’. अभंगाच्या रीतीने पाहिलं तर प्रश्न श्रीपतीला आहे. पण ओळीत त्याच्या आधी बापाचं नाव आलेलं आहे, आणि जन्म देणारा म्हटलं की घरात आधी बापाकडेच बघतात. सगळा अभंग ‘आमुची’, ‘आमुचे’ म्हणत आलेला मुलगा शेवटच्या शब्दाला एकटा होतो: मला. चोखोबाने हे ऐकलं असेल तेव्हा पाटी कुठे होती, कोणत्या कोपऱ्यात, भरलेली की रिकामी, ते दोन्ही अभंगांत नाही.